छातीतली जाळी आणि ढोलाचा पट्टा

मित्रांनो, मी तुम्हाला कधी दिसणार नाही. बिबवेवाडीच्या संपतराव धुमाळांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका वाहिनीत मी राहतो. मी स्टेंट आहे, बारीक तारांची एक जाळीदार नळी. संपतराव मला ‘स्प्रिंग’ म्हणतात. त्यांचा सगळा जन्म नळ आणि पाइपांच्या दुकानात गेला, म्हणून मी सोडून देतो. पण मी स्प्रिंग नाही, एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यातला. खोली इतकी स्वच्छ की तिथे शिंकायचीसुद्धा चोरी. माझ्या अंगावर औषधाचा पातळ लेप दिला, मिटलेल्या फुग्यावर मला दाबून बसवलं आणि पाकिटात बंद केलं. आपण कोणाच्या नशिबी येणार, एवढीच मला तिथे काळजी होती. आलो तो संपतरावांच्या. त्यांची वाहिनी चरबीने तुंबली होती. डॉक्टरांनी मला मनगटातून आत नेलं, फुगा फुगवला, मी ताठ उभा राहिलो आणि फुगा परत गेला. माझ्यातून रक्त खळाळून वाहू लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, आजही आठवलं की बरं वाटतं.

पुढची काही वर्षं फार कौतुकाची गेली. संपतराव गिऱ्हाइकांसमोर छातीवर थाप मारून सांगायचे, “कंपनी फिटिंग आहे. आता बघायला नको.” मला संकोच वाटायचा, पण खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

गणपतीच्या आधी नदीपात्रात त्यांच्या ढोलपथकाचा सराव चाले. पथक त्यांनीच उभं केलेलं. मुलगी तेजस्विनी शेजारी उभी राहून वाजवायची. वयामुळे कमरेवर भार नको म्हणून संपतरावांनी ढोलाला खांद्यावरून छातीवर येणारा एक पट्टा लावून घेतला होता. त्यांच्या ढोलाची थाप साऱ्या नदीपात्रात जायची, पण ती आधी माझ्यापर्यंत पोहोचायची.

मित्रांनो, ‘बघायला नको’ म्हटलं की माणसं खरंच बघत नाहीत. माझ्यावर पेशींची पातळ साय धरली होती. ती धरावीच लागते, उघडा धातू रक्ताला चालत नाही. पण ती जाड होऊ न देणारं माझ्यावरचं औषध केव्हाच संपलं होतं आणि संपतरावांना मधुमेह. चहात साखर नको म्हणायचे आणि श्रीखंडाची वाटी जवळ ओढायचे. सायीचा जाड थर झाला. वाट अरुंद होत गेली आणि मला आतून काहीच करता येईना.

मग एका वर्षीच्या सरावात संपतरावांच्या छातीत आवळायला लागलं. थांबलं की बरं, वाजवलं की पुन्हा. त्यांनी काय करावं? पट्टा सैल केला. दुसऱ्या दिवशी आणखी सैल केला. नळाच्या पाण्याचा जोर कमी झाला म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला हा माणूस “अंगावर काढू नका, आधी पाइप बघा” असं सांगायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र पट्टा. खरं तर त्यांना शंका आली होती. पण घरी बोललो तर ढोल काढून घेतील, ही भीती जास्त मोठी होती. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

एका संध्याकाळी त्यांचा ठेका चुकला. तेजस्विनीने वाजवणं थांबवून वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, काय होतंय?”

“काही नाही गं. पट्टा काचतोय.”

तिने पट्ट्याखाली हात घातला. मूठ सहज आत गेली.

“यात माझी अख्खी मूठ जातेय, बाबा. मग आवळतंय काय?”

संपतरावांनी ढोल उतरवला. ती त्यांना तिथूनच थेट रुग्णालयात घेऊन गेली.

पुन्हा मनगटातून तार आत आली. तिच्या टोकाशी बारीक उजेड होता. त्या उजेडात डॉक्टर चैतालींनी पडद्यावर माझ्यावरचा थर पाहिला. संपतराव जागेच होते.

“मॅडम, जुनी स्प्रिंग काढा आणि नवीन बसवा. आम्ही तेच करतो.”

“काका, ती निघत नाही. ती आता तुमचीच झालीय. आणि दर वेळी धातूत धातू घालायचा नसतो.”

आधी एका जोरदार फुग्याने तो थर दाबून वाट मोकळी केली. संपतरावांच्या छातीत कळ आली, मीही हाललो. मग औषध लावलेला दुसरा फुगा आला. त्याने भिंतीला औषध लावलं आणि तो निघून गेला, मागे नवा धातू न ठेवता. रक्त पुन्हा पूर्वीसारखं वाहू लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

“पुन्हा नाही ना होणार?” संपतरावांनी विचारलं.

“होऊ शकतं. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत, शुगर सांभाळायची. आणि आवळलं की मला फोन करायचा, पट्ट्याला हात लावायचा नाही.”

त्या गणपतीत संपतराव फुटपाथवर उभे राहून पथकातल्या मुलांना पाणी देत होते. चेहरा पाहवत नव्हता. पण त्यांनी श्रीखंड सोडलं, रोज चालायला लागले आणि दुकानात माझी फुशारकी मारणंही बंद केलं. पुढच्या वर्षी तपासणी करून डॉक्टरांनी ढोल वाजवायला परवानगी दिली, थोडा वेळ, थांबत थांबत.

मित्रांनो, आम्ही वाट उघडून देतो. ती उघडी ठेवायला तुम्हीही हवे असता. घरातलं कोणी जिना चढताना छातीवर हात ठेवून थांबलं तर गप्प बसू नका, विचारा.

पहिल्या सरावाला तेजस्विनीने पट्टा स्वतः बांधला. मग खाली मूठ घालून पाहिली. जाईना.

“आवळतंय का, बाबा?”

संपतरावांनी खोल श्वास घेतला, ढोलाचं टिपरू उचललं.

“हो. पण या वेळी पट्टाच आवळतोय.”

आणि पहिली थाप माझ्यापर्यंत आली.