सावडीची भाकर

साहेब, तुम्ही मांडवात माईक हातात धरून धडधडीत खोटं बोललात. आपल्या कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन, गळ्यात हार, समोर आम्ही उन्हात. म्हणालात, "कारखाने आले, भाग सुधारला. पण ही डोंगरातली माणसं कामाला टिकत नाहीत. पाऊस पडला की पळतात." टाळ्या पडल्या. पल्लवी माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळी वाजवली नाही, मीही नाही. गेल्या आषाढात काय झालं ते ऐका, मग बोला.

आमच्या कारखान्यात विजेची बटणं बनतात. पल्लवी पेठकडच्या डोंगरातली. तिची आई भागीबाई दरवर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला यायची, बांधावर प्लास्टिकच्या कागदाखाली झोपायची. पल्लवी त्या कागदाखालीच चालायला शिकली. आता तिला पंख्याखालचं स्टूल, कॅन्टीनचा चहा, बँकेत पगार. कारखान्यावर ती खूश आहे, मीही आहे. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर म्हणाल, बाई रडकी आहे.

तेव्हा ती ट्रायलवर होती. दिवाळीला पर्मनंट व्हायची होती आणि गावाकडून निरोप आला. बाप हिरामण पाय मोडून पडलाय, भाताचं रोप आवणीला आलंय. रोप वेळेत उपटून चिखलात लावलं नाही तर वर्षाचा भात गेला.

सुपरवायझर रोहित सर म्हणाले, "ट्रायलवर सुट्टी नसते. मशीन रिकामं दिसलं की नाव कट. नियम वरचा आहे, माझा नाही."

पलीकडून विंचूरची उज्वला म्हणाली, "रिकामं दिसलं तर ना? मग आम्ही दिसूच देत नाय."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"हिची दुपारपाळी. आमची सकाळपाळी संपली की एकेक जण थांबू हिच्या मशीनवर. माझा कांदा निघंल तवा ही माझ्या मशीनवर बसंल."

पल्लवी हसली. "ही तर सावड झाली, ताई! आमच्याकडं आवणी अशीच होते. आज समदी माझ्या वावरात, उद्या तुझ्या."

"वावर नाही हे, कारखाना आहे," सर म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी पल्लवीने टोपलंभर नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी आणली. रोहित सर वासाने आले. त्यांनाही वाढलं. दोन खाऊन त्यांनी तिसरी मागितली. पल्लवी गालात हसली. मी मनमाडची, रेल्वेवाल्याची पोर. का हसली, मला कळलं नाही.

ती गेली. सगळं ठरल्यासारखं चाललं. मग एका दुपारी थांबायचा नंबर उज्वलाचा आणि तिलाच ताप भरला. सकाळपाळीच्या बाकीच्या बसने निघून गेलेल्या, मी दुपारपाळीत माझ्या मशीनवर अडकलेली. सर कपाळाला हात लावून उभे. मी पल्लवीला फोन लावला, स्पीकरवर.

"सर हायत का? सर, भाकर खाल्ली ना?"

"खाल्ली. मग?"

"आमच्यात सावडीचं जेवला तो सावडीत आला. आता बसा मशीनवर."

मागून भागीबाईचा आवाज आला, "तीन खाल्ल्या म्हणं! बसव त्याला!"

"मावशी, मला माहीत नव्हतं हो!"

"तिसरी मागताना इचारायचं!"

अख्खी लाईन हसत सुटली. सरांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि स्टूलवर बसले. पहिली स्प्रिंग उडून थेट पत्र्याला लागली. पण संध्याकाळपर्यंत बोटं चालायला लागली. मशीन थांबलं नाही.

पल्लवी परतली ती नखांत चिखल घेऊनच. दिवाळीला पर्मनंट झाली.

मग सरांची सावड फेडायची होती. पिंपळगावला त्यांच्या बागेत द्राक्षं निघाली तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो, भागीबाईसुद्धा. सरांच्या आईने ओट्यावर पंगत मांडली. भागीबाई बांधाकडे बघत म्हणाली, "असल्याच एका बांधावर निजायची मी. ओट्यावरनं बाग कशी दिसते ते आज बघितलं." आणि आणखी एक पोळी मागून घेतली. चैत्रात उज्वलाचा कांदा निघाला, तेव्हा तिच्या मशीनवर पल्लवी बसली.

आणि आता भाषण झाल्यावर तुमचा हुकूम आलाय की एकीच्या मशीनवर दुसरी बसायची नाही. पल्लवीच्या गावात यंदाचं रोप वीतभर झालंय, आवणी तोंडावर आलीय.

साहेब, कारखान्याला पाणी त्या डोंगरातलं. लाईनवर हात त्या डोंगरातले. आवणी झाली, द्राक्षं उतरली, कांदा निघाला आणि मशीन एक पाळीही रिकामं राहिलं नाही. मग पळालं कोण? पुन्हा मांडव घाला, माईक घ्या, पल्लवीला समोर बसवा आणि तिच्या तोंडावर सांगा. कोण पळालं?