शुक्रवारची गाडी

मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर होतो. आमचे हे म्हणतात, "अरुंधती, तुझ्यात मधलं काही देवानं ठेवलंच नाही." हे भोकरदनच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून आहेत. आठवडाभर निजामसरकारचे कागद उर्दूत खरडत मान मोडून घ्यायची आणि जुम्याला सुट्टी, म्हणजे त्या दिवशी आमच्या घराला उशिरा उठायची मुभा. लग्नाला आठ वर्षं झालेली, सासूसासरे देवाघरी गेलेले, पदरात मूल नाही. उठवणारं होतं तरी कोण! शुक्रवारची पहाटेची झोप ही माझी एकुलती एक चैन होती, आणि नेमका तिच्यावरच शेजारच्या गोजरबाईंनी घाला घातला.

गोजरबाई मूळच्या हसनाबादच्या, शेतीवाडीवाल्या घरातल्या. नवरा गेल्यावर भोकरदनला आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकट्याच राहायच्या. जमीन पुतण्या बद्रीनाथ कसायचा आणि वर्षाचं धान्य धाडायचा. गेल्या दसऱ्यानंतरच्या एका शुक्रवारी, धड उजाडलंही नव्हतं, तेव्हा मी दचकून जागी झाले. आधी दुरून बैलांची घुंगरं आली, मग भरल्या गाडीच्या चाकांची ती अंगावर काटा आणणारी करकर, आणि मग गोजरबाईंच्या ओसरीवर एकामागून एक पोती धाडधाड आदळायला लागली. सगळं उतरवून झाल्यावर रिकामी गाडी खडखडत, दगडांवरून उड्या मारत निघून गेली, आणि हे आपले तोंड उघडं टाकून घोरतच होते.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिडकीतूनच ओरडले, "गोजरबाई, पहाटे पहाटे कसली पोती उतरवून घेता? सुट्टीच्या दिवशी तरी माणसाला झोपू द्या की!"

गोजरबाई सकाळी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. "बद्रीनाथाचा कारभार हाय बाई. गाडी दारात आली तं म्या काय परत धाडू? पर एवढं खानार कोन, हे मलाबी कळंना झालंय."

यांना विचारलं तर म्हणाले, "कसली गाडी?" मग विहिरीवर सगुणाबाईंना विचारलं. त्या गल्लीच्या तोंडाशी, निंबाच्या झाडापाशी राहतात, म्हाताऱ्या कडूबा तेल्याच्या शेजारी. गाडी गल्लीत शिरायची तर त्यांच्या दारावरूनच शिरणार. त्या घागर घासता घासता थांबल्या. "गाडी? मला तं काईच ऐकू येत न्हाई बाई. शुक्रवारची तं गल्ली कशी चिडीचिप ऱ्हाती." सगुणाबाईंना आणि मला बांधणारी एकच गोष्ट होती, दोघींच्या घरी पाळणा हलला नव्हता. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की आम्हा दोघींना बोलावणं यायचं ते लाडू वळायला, ओटी भरायला नाही. म्हणून त्या माझ्याशी खोटं बोलतील असं मला वाटलं नाही, पण त्यांचे कान तपासून घ्यायला हवेत असं मात्र मनात आलं.

एकदा झोप मोडलीच की मी पडल्या पडल्या ऐकत राहायची, आणि ऐकता ऐकता मला त्याचा नादच लागला. ज्वारीचं पोतं आदळलं की दबका आवाज व्हायचा, गुळाच्या ढेपेचा एकदम ठोस, मिठाचं पोतं टेकताना सळसळायचं, आणि मिरच्या आल्या की भिंतीच्या अलीकडे मला शिंक यायची. मी यांना चहाच्या वेळी सांगायची, आज तूरडाळ आली, आज गूळ आला. हे हसायचे आणि म्हणायचे, तुला कचेरीत गोदामावर नेमायला पाहिजे.

पौषातल्या एका शुक्रवारी मात्र मला एकही आवाज ओळखू येईना. हलकी, लहान लहान पोती होती, आणि एक बहुतेक उतरवताना फुटलं असावं, कारण खिडकीतून घमघमाट आला. शेपा! पाठोपाठ ओवा, सुंठ, आणि खारकांचा तो गोडसर वास. मी उशीत तोंड खुपसून हसत सुटले. सत्तरीला टेकलेल्या विधवेच्या घरी बाळंतिणीचं सामान! दिवस वर यायची वाटही न बघता मी पदर खोचून तिकडे गेले.

आतल्या खोलीत सगळं नीट मांडलेलं होतं: डिंक, खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, मेथ्या, अळीव, वावडिंग, बाळाच्या गुटीचं वेखंडसुद्धा. गोजरबाई मधोमध बसून बघत होत्या.

"म्या इचारलं त्या गाडीवानाला, कुनाचं रं हे," त्या म्हणाल्या. "घोंगडीत तोंड घालूनच बसतो मेला. म्हन्ला, बाळंतिणीचं."

"मग?"

"मंग म्या म्हन्ले, उतरव. शेजारीच हाय, लागंल तिला."

मला इतका संताप आला! आठ वर्षं लोकांचे टोमणे ऐकले होते, पण हा थट्टेचा प्रकार गोजरबाईंकडून यावा याचं फार वाईट वाटलं. मी तडक घरी आले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. पण त्या महिन्यात माझी बाहेर बसायची वेळ आली आणि गेली, तरी मी चुलीपुढेच. पुढच्या महिन्यातही चुलीपुढेच. फोडणीच्या वासाने मळमळायला लागलं तेव्हा मी पोळपाट बाजूला सारला आणि धावत भिंतीशी गेले. गोजरबाईंना काही सांगावंच लागलं नाही, माझं तोंड बघूनच त्या म्हणाल्या, "अगं माय माय माय!" आणि भिंतीवरून हात लांब करून त्यांनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

काय सांगू त्या दिवसांचं! हे कचेरीतून येताना रोज काहीतरी पुडीत बांधून आणायचे आणि उगीचच खाकरायचे. मी तर शुक्रवारची वाट बघायला लागले. गुरुवारी रात्रीच न्हाऊन, केस सुकवून, कान लावून पडायचं. घुंगरं वाजली की मनात सुरू व्हायचं, आज काय येतंय, आज काय येतंय! कधी चिंचा, कधी आवळे, आणि गंमत अशी की आदल्याच दिवशी मला त्यांची आठवण झालेली असायची. पाचव्या महिन्यात, घुंगरांच्या आवाजासरशी, पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. घुंगरं वाजली की माझं बाळ लाथ मारायचं, आणि गाडी खडखडत निघून गेली की निवायचं. मी यांना हलवून उठवायची, हात पोटावर ठेवायला लावायची. लाथ यांना बराबर कळायची, गाडी मात्र बिलकुल ऐकू यायची नाही.

उन्हाळ्यात बद्रीनाथ काकीला भेटायला आला तेव्हा मी तिथेच डिंक निवडत बसले होते. गोजरबाई म्हणाल्या, "तू धाडतोस ते सामान लई कामाला आलं रं बाबा."

तो चमकला. "म्या? काकी, सुगीपासून आमच्या गाडीचं चाक मोडून पडलंय. म्या एक दाना धाडला न्हाई."

गोजरबाईंनी पुढ्यातली एक खारीक उचलून उलटसुलट करून पाहिली. मग बद्रीनाथ म्हणाला, "येत्या शुक्रवारी म्या हितंच मुक्काम करतो. धरतो त्याला, इचारतो, कोनाचा मानूस म्हनून."

"काही नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की हातातलं सूप पडलं. "कोणी विचारायचं नाही त्याला. येतंय ते येऊ द्या."

गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, खाली सांडलेल्या डिंकाकडे पाहिलं, आणि बद्रीनाथला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. तिच्या जिवाला घोर नको." तो दुपारीच हसनाबादला परत गेला.

सातव्यात माझा भाऊ भालचंद्र शहागडहून बैलांची दमणी घेऊन न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. हेही सामान बांधायला लागले होते. मी म्हटलं, रस्त्यानं चिखल आहे, हादरे सोसायचे नाहीत. भालचंद्र म्हणाला, "ताई, दमणीत गादी घातलीय, आईनं स्वतः पसरलीय." तरी मी हलले नाही. खरं कारण कुणाला सांगणार? शहागडला शुक्रवारची गाडी थोडीच येणार होती! त्या घुंगरांवाचून माझं बाळ एक आठवडाही काढील असं मला वाटत नव्हतं. भालचंद्र तोंड पाडून रिकामी दमणी घेऊन गेला आणि हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

विहिरीवर सगुणाबाई आता माझी घागर उचलून देतात. परवाच त्यांनी विचारलं, "लई सामान आलंय म्हनं तुमच्याकडं. शेपासुदिक. कुठून आनलं हो?"

"नशिबात असावं लागतं, सगुणाबाई," मी म्हटलं. हसतच म्हटलं. त्यांनी आपली घागर भरली, कमरेवर घेतली आणि गेल्या.

दसरा पुन्हा तोंडावर आलाय आणि मला नववा सरत आलाय. काल गुरुवारी गोजरबाईंनी आणि मी मिळून लाडू वळले, डबा त्यांच्याच घरी फळीवर ठेवला. सुईण तुळजाबाई बघून गेली, म्हणाली, "सगळं ठीक हाय, आता कधीबी." आनंदानं मला रात्रभर डोळा लागला नाही.

आता आज पहाटेचं सांगते. घुंगरं वाजली, बाळानं लाथ मारली, मी हसून पोट धरलं. पण गाडी करकरत आली नाही. खडखडत आली, दगडांवरून उड्या मारत. मी म्हटलं, असेल, सामान पुरं झालं असेल, आज काहीतरी लहानसंच असेल, एखादं बाळलेणं असेल! कान लावून पडले. पोतं आदळल्याचा आवाज येईना. नुसता दम लागल्याचा हुंकार यायचा आणि गाडीच्या फळ्या कुरकुरायच्या. पुन्हा हुंकार, पुन्हा फळ्या. शेपांचा वास खिडकीशी आला आणि पुढे सरकत गेला.

मी उठले. किती दिवसांत मी इतकी जल्दी उठले नव्हते. अंगणात आले तोवर गाडी निघाली होती, भरल्या गाडीसारखी, करकरत. गोजरबाई ओसरीवर हातात झाडू घेऊन उभ्या होत्या. आतली खोली दारातून दिसत होती, बिलकुल मोकळी.

"नेलं बाई समदं," त्या म्हणाल्या.

"का?"

"घर चुकलं, म्हन्ला."

मला हसूच आलं. "अहो, असं कसं? आपण वापरायला काढलंय त्यातलं! लाडू वळलेत आपण!"

"डबाबी नेला," गोजरबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली. निंबाखाली घोंगडीतला माणूस पाठमोरा दिसला न दिसला, आणि घुंगरं मधेच, कुणी मुठीत धरावीत तशी बंद झाली. एरवी गाडी दूर जाईपर्यंत आवाज विरत जायचा, आज तो विरला नाही, थांबला. मला वाटलं, बाळ आता पुन्हा ढुशी देईल, आवाज असा अचानक थांबलेला त्याला कधी आवडत नाही. मी पोटावर हात ठेवला. मग दुसरा ठेवला.

तेवढ्यात निंबापाशी खिडकी धाडकन उघडली आणि सगुणाबाईंचा झोपमोड झालेला, संतापलेला आवाज सगळ्या गल्लीभर घुमला.

"ओ कडूबामामा! पहाटे पहाटे कसली पोती उतरवून घेऊन राह्यले? सुट्टीच्या दिशी तरी मानसाला झोपू द्या की!"

गोजरबाईंच्या हातातला झाडू खाली पडला. मी दोन्ही हात पोटावर घट्ट धरून, श्वास रोखून, सगळा जीव कानांत आणून ऐकत राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हतं.