तिरफळाचं गाऱ्हाणं

पोदेराचा भोंपू वाजला आणि रुद्रेशचा टेक पुन्हा वाया गेला.

तो कपाटातून बाहेर आला तो घामाने निथळत. कपाट हाच आमचा स्टुडिओ. दाराला वाकळी टांगायच्या, आत माइक आणि रुद्रेश, बाहेर पलंगावर लॅपटॉप घेऊन मी. पाववाला पोदेर रोज याच वेळेला येतो हे या माणसाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तो पोदेराच्या नावाने खडे फोडू लागला तशी त्याची आई, गंगाकाकी, स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोदेराक काय स्वप्न पडलां, तू कपाटात गातंस म्हणान?"

दिवसा तो मोपाच्या विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवतो, मी धारगळला हमरस्त्यावर मोबाइल दुरुस्त करतो. बाकीच्या वेळात तो रॅपर आणि मी त्याचा बीटवाला. त्याचं रॅपमधलं नाव तिरफळ. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, घालतात ते, जिभेला मुंग्या आणणारं. ना कंपनी, ना मॅनेजर. गाणं झालं की आम्हीच नेटवर टाकायचं. पहिलं गाणं ऐकणारे सगळे एका बसमध्ये बसले असते आणि वर दोन जागा उरल्या असत्या. म्हापशातल्या एका बंद पडलेल्या बारमध्ये तो गायला. मुळगावात खाणीच्या ट्रकांवरचं गाणं म्हटलं तेव्हा कुणीतरी माइकची वायरच उपटली. हा तसाच, नुसत्या गळ्याने, शेवटपर्यंत गेला. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. पण त्या भाजताना तो जितका खूश असे, तितका पगाराच्या दिवशीही मी त्याला पाहिला नाही.

त्याचे वडील, मधुकाका, वाड्याचं, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीचं, गाऱ्हाणं घालत. जत्रेला देवळासमोर उभं राहून ते सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला वाडा म्हणायचा, "व्हय म्हाराजा." तो मान त्यांच्या घराण्याकडे आजोबांपासूनचा. मुलाचं गाणं त्यांनी एकदाच ऐकलं. खुर्चीत बसून, डोळे मिटून, पूर्ण ऐकलं. मग एवढंच म्हणाले, "श्वास खंय घेतंस रे?"

रुद्रेशने ते बक्षीस म्हणून घेतलं. अख्खं कडवं तो एका दमात म्हणायचा, त्याचा त्याला भारी अभिमान. कुठेही गेला की आधी हे सांगायचा, माझ्या बापाने मला विचारलं, श्वास कुठे घेतोस.

मागच्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. जत्रा तोंडावर आलेली. वाड्यावरची माणसं घरी येऊन बसली. मुलाला जमत नसेल तर मान काकांच्या चुलतभावाकडे, शिवदासकाकांकडे जाईल, असं ती हळूच म्हणाली, पण काकांसमोरच म्हणाली. काकांचे कान शाबूत होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रुद्रेश म्हणाला, मी घालतो.

मला काळजी नव्हती. शब्द त्याला कधी दगा देत नाहीत. जत्रेच्या दिवशी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून देवळाच्या खांबाशी आणलं. रुद्रेश सोवळं नेसून, हात जोडून उभा राहिला आणि सुरू झाला.

एका दमात. देवाला हाक, वाड्याची लेकरं, शेत, गुरं, परगावची नोकरी, सगळं चुकीशिवाय आणि सगळं झपाट्याने. "व्हय म्हाराजा" म्हणायला वाड्याने तोंड उघडलं की हा पुढच्या वाक्यात. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक बाई हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शिवदासकाका पुढे सरकले. "जमणा नाय तर सांग, बाबा. मी म्हणतंय."

रुद्रेश थांबला. कान लाल झालेले. माइकची वायर उपटली तेव्हाही मी त्याला असा पाहिला नव्हता. मग त्याने पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, वर्सावळीप्रमाणे तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत..."

आणि खांबापासून आवाज आला. "व्ह..."

काकांचं तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द. तो पुरा व्हायला फार वेळ लागला. "...य."

रुद्रेश तेवढा वेळ थांबला. त्याने श्वास घेतला. मला तो कपाटाच्या इतक्या जवळ बसूनही कधी ऐकू आला नव्हता. वाडा काकांच्या मागून म्हणाला, "म्हाराजा." पुढचं वाक्य, पुन्हा काका, पुन्हा वाडा. गाऱ्हाणं संपता संपेना, आणि कुणी हललं नाही. मी रडलो, लपवण्यात अर्थ नाही. शिवदासकाकांनीच शेवटी मानाचा नारळ रुद्रेशच्या हातात दिला.

पावसाळ्यात काका गेले. यंदाच्या जत्रेला मी मुद्दाम त्याच खांबाशी उभा राहिलो. रुद्रेशने पहिलं वाक्य म्हटलं आणि तो थांबला. पलीकडच्या गावचे पाहुणे होते, ते चटकन "व्हय" म्हणून मोकळे झाले आणि ओशाळले. कारण वाडा गप्प उभा होता. काकांना लागायचा तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मगच सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."