ढब्बूची बदली

लग्नानंतर माहेरून मी दोनच गोष्टी हट्टाने आणल्या: शिलाई मशीन आणि ढब्बू. मशीनबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ढब्बूला मात्र नवऱ्याने कधी साधा हात लावला नव्हता. कुत्र्याचे केस कपड्यांना चिकटतात म्हणे. आता तोच माणूस रोज सकाळी गुणगुणत त्याच्या अंगावरून ब्रश फिरवतो. मी समोर सातव्या महिन्याचं पोट सांभाळत गिऱ्हाइकांच्या ब्लाउजना हुक लावत बसते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हे सगळं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लावून दिलं. ‘‘हा तुम्हाला फारच चिकटलेला आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाळ आलं की तुम्हाला वेळ मिळणार नाही, आणि तो राग हा बाळावर काढेल. आत्तापासूनच याचं खाणं, फिरणं, लाड, सगळं तुमच्या मिस्टरांकडे द्या. तुम्ही लक्षच देऊ नका.’’

त्यात सासूबाईंनी स्वतःचा निकाल जोडला. ‘‘एकदा जरी गुरगुरला ना, तर मी त्याच्यासाठी दुसरं घर बघणार. मग रडत बसायचं नाही.’’

म्हणजे ढब्बू घरात राहायला हवा, तर तो माझा राहता कामा नये.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसांशेजारी जीव मुठीत धरून बसायची सवय, त्याला हा विद्यार्थी सोपाच गेला. ‘‘हळू, हळू... ब्रेक!’’ म्हटलं की ढब्बू उंबऱ्यावर थांबायचा. सुरुवातीला तो मशीनखाली येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकवायचा, आणि मी दगडासारखी समोर बघत राहायचे. जीव तुटायचा. मग तो येईनासा झाला, ते जास्त लागलं. संध्याकाळी नवऱ्याची चाहूल लागली की दाराशी उड्या मारायचा, अगदी माझ्यासाठी मारायचा तशाच. मेल्या, इतक्यात विसरलास?

रविवारी परीक्षा झाली. जाऊबाईंनी लेकीची बाहुली दिली होती. ती दुपट्यात गुंडाळून मी सोफ्यावर मांडीत घेऊन बसले. शेजारी बसून नवऱ्याने मोबाइलवर बाळाचं रडणं लावलं. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. ढब्बू आला, दुपटं हुंगलं, आणि नवऱ्याच्या पायाशी जाऊन आडवा झाला.

‘‘शहाणा आहे हो,’’ म्हणत सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

‘‘पास!’’ नवरा खूश. ‘‘बघितलंस? बाहुलीचं काही पडलेलंच नाही त्याला.’’

‘‘माझंही पडलेलं नाही.’’

‘‘अगं, तेच तर करायचं होतं ना?’’

‘‘तुझं काय जातंय! इतके दिवस नाक मुरडलंस, आणि आता आयता कुत्रा मिळाला.’’

‘‘तू काय कुत्र्यावर जळतेस?’’

‘‘कुत्र्यावर नाही. तुझ्यावर जळते.’’

तो हसला. मलाही हसू आलं, आणि डोळेही भरून आले. बाहुली बाजूला ठेवून मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ढब्बू ताडकन उठला. आमच्या दोघांच्या मधे त्याने अंग घुसवलं, पुढचे पाय नवऱ्याच्या मांडीवर रोवले आणि माझ्याकडे बघून, चक्क माझ्याकडे बघून, गुरगुरला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

‘‘काय गं, कोण गुरगुरलं?’’

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने पटकन ढब्बूचं तोंड हाताने दाबून धरलं.

‘‘मी,’’ मी ओरडून सांगितलं. ‘‘मी गुरगुरले, आई.’’