इकोची चिठ्ठी

मार्गशीर्षातली दुपार कलली होती. कृष्णा-कोयनेच्या संगमावर ऊन पिवळं, पांडुर, प्राणहीन होऊन पडलं होतं. वाळवंट निःशब्द, घाट निर्जन, आणि पाण्यावर विझत चाललेला प्रकाश.

घाटालगतच्या घरात त्र्यंबकराव शेवडे शब्दकोशाच्या चिठ्ठ्या घेऊन बसले होते. समोर आरामखुर्चीत त्यांची पत्नी, कुमुदिनी. इंग्रजी शब्दांच्या मुळांचा हा कोश म्हणजे दोघांचा दुसरा संसारच. त्याचा नेम असा, की त्यांनी चिठ्ठी वाचायची, तिनं "पुढे" म्हणायचं, मगच ती खणात जायची. नाही पटली तर "अहो, हे काही कळलं नाही," म्हणून ती बेधडक परत करी. बत्तीस वर्षांत तिनं आपल्या पंडित नवऱ्याची कितीदा तरी फजिती केली होती.

चार महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. "पॅनिक होऊ नका," डॉक्टर म्हणाले, आणि त्या घटकेलाही त्र्यंबकरावांना आठवला त्या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीकांचा रानदेव पॅन, ज्याच्या आरोळीनं कळपच्या कळप उधळत. देव केव्हाच गेला; भय तेवढं माणसांच्या घरात राहायला आलं.

झटक्यानं तिचा उजवा हात नेला, शब्दही नेले. समोरच्याचा शेवटचा शब्द तेवढा ती परत करी. मग त्र्यंबकरावांनी लबाडी केली. चिठ्ठी संपली, की स्वतःच "पुढे" म्हणू लागले. "पुढे," ती म्हणे. खण भरत गेला, मन रितं होत गेलं. तिचा स्वतःचा एक शब्द, एकच, त्यांना हवा होता.

आज चिठ्ठी आली 'इको'ची.

"ही ग्रीक पुराणातली एक वनकन्या," ते वाचू लागले. "देवराणीनं तिला शाप दिला, की दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवट तेवढा तुझा. प्रेम केलं, पण सांगता आलं नाही. देह झिजला, हाडांचे दगड झाले, उरला आवाज. तिचं नाव प्रतिध्वनीला मिळालं; आता दवाखान्यात हृदयाच्या तपासणीलाही 'इको'च म्हणतात." त्यांनी चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवली. "कुमुद, कळतंय का गं तुला?"

"तुला," ती म्हणाली.

सवयीनं, शरमेनं, ते म्हणाले, "पुढे."

ती बोलली नाही. ओठ मिटले, घट्ट मिटले. डावा हात उचलून तिनं चिठ्ठीवर ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, रोखून, पूर्वी चिठ्ठी परत करताना पाही तसं.

म्हणजे तिला सगळं कळत होतं. चार महिने, प्रत्येक 'पुढे'च्या वेळी, कळत होतं.

संगमावर सांजधुकं उतरलं. दोन्ही नद्या दिसेनाशा झाल्या, मग घाट, मग खिडकीचे गज. आणि त्या कृश हाताखालची चिठ्ठी काढून घ्यायचं धाडस काही त्र्यंबकरावांना झालं नाही.