टेकाडावरचा शेंदूर

“ह्यो ट्रॅक्टर काय त्या टेकाडावर जायचा न्हाई!” गुरुदत्तनं चावीच काढून खिशात टाकली.

मालक डेक्लन बघतच राहिला. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटकडची लाल माती, बटाट्याचं रान आणि ऐन मधोमध काटेरी झाडाचं एक टेकाड. ते सपाट केलं की पाण्याचा पाइप सरळ जाणार होता. आणि हा कऱ्हाडकडचा पोरगा, आठवडाभर मेलबर्नला कुकरीचा कोर्स करणारा, शनिवार-रविवार इथं राबणारा, मालकालाच नाही म्हणत होता!

“तुझ्या आईनंच सांगितलंय मेट, तिथं घर हाय त्यास्नी.”

“कुणाला?”

“जी दिसत न्हाईत त्यास्नी.”

डेक्लनची आई मॉरीन ऐंशीच्या घरातली. तिच्या आजोबांनी आयर्लंडहून बी आणून ते झाड लावलेलं. त्याखाली परीलोकांचं बिऱ्हाड आहे, फांदी तोडली की घराचं वाटोळं, असं म्हातारीचं ठाम मत. डेक्लन हसण्यावारी न्यायचा. गुरुदत्तला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. त्याच्या गावात बांधावरच्या म्हसोबाला वळसा घालूनच औत चालतं.

“जेवण झालं की मीच पाडतो. तू सामान उचल.”

काम गेलं! गुरुदत्त सामान आणायला घरात गेला. पण ओट्याशी डोळे पुसणारी म्हातारी दिसली आणि त्याला राहवेना. आईनं बॅगेत कोंबलेली शेंदराची डबी त्यानं काढली, म्हातारीकडून तेल घेतलं आणि झाडाखालचा धोंडा लालभडक करून टाकला.

डेक्लन दुसरा ट्रॅक्टर घेऊन आला, तर गुरुदत्तसारखीच शिकायला आलेली, बटाटे वेचणारी सगळी पोरं पायातले बूट काढून टेकाडापुढं बसलेली.

“देवावर ट्रॅक्टर घालतो व्हय?” हेअरड्रेसिंग शिकणारी सरिता कडाडली. “मग वेच तुझं बटाटं तूच!”

आभाळ भरून आलेलं, माल उघड्यावर पडलेला. डेक्लननं ठेवणीतली एक शिवी हासडली आणि ट्रॅक्टर वळवला.

“पाइप फिरवून घ्या! गुरू, तू पण! आधी बटाटे उचला!”

पोरांनी एकच गिल्ला केला. मॉरीन मात्र तरातरा आली. “ते लाल पुस आधी. माझी माणसं लाजरी हायत.”

“आता न्हाई पुसता येत, आजी. पोरांनी नवस बोलल्यात.”

“कसला?”

“पीआरचा. ह्या देशात कायमचं ऱ्हायला मिळावं म्हणून.”

म्हातारीनं टेकाडाकडं बघितलं.

“मग मोठ्यानं बोला म्हणावं. माझी माणसं बी बाहेरनंच आल्यात, पण लई वर्सं झाली. इसरली असतील.”