एनिफाच्या मातीचं गाणं

मिशनची गाडी येणार म्हणून एनिफाला सकाळीच स्वयंपाकाच्या झोपडीत कोंडलं होतं. कोंडलं म्हणजे तीच आत जाऊन बसली आणि तिच्या आईने बाहेरून दाराला चटई लावली. लिलाँग्वे शहरातलं मिशनचं वसतिगृह आईबाप दोन्ही नसलेल्या मुलांनाच घेत असे. एनिफाच्या लेकीचा, तामांडाचा, बाप केव्हाच गेला होता. आई, म्हणजे एनिफा, मात्र अजून हट्टाने श्वास घेत होती, आणि घरातला मका संपला होता.

"येता पावसाळा काही मी बघत नाही," एनिफा आईला म्हणाली होती. "मग आत्ताच मेले म्हणून सांगायला तुझं काय जातंय?"

म्हातारीने नातीचं डोकं भादरलं, सुतकातल्या पोरांचं भादरतात तसं. एवढ्याशा तामांडाला काय बोलायचं ते पढवलं एनिफानेच. गावानेही तोंडाला कुलूप घातलं. कोण चहाडी करणार, सगळ्यांच्याच मडक्यांत खडखडाट.

गाडी आली. गोऱ्या पाहुणीने तामांडाला जवळ घेतलं, डोळे पुसले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात पाहुणीबरोबर शहरातून आलेल्या पास्टर म्वालेंना भक्ती सुचली. निघण्याआधी पोरीच्या आईच्या आठवणीत एक गाणं होऊ द्या, तिच्या मातीला म्हटलंत तेच म्हणा, असं ते म्हणाले.

अंगणातल्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. खोटं बोलणं वेगळं. जित्या माणसावर मातीचं गाणं म्हणणं म्हणजे मरणाला हाक मारून घर दाखवणं, आणि ते पाप कोणी जिभेवर घेईना. शिवाय गावात कोणाचीही माती असो, पहिली ओळ उचलायची ती एनिफाने.

"काय हो आजी, पुरलंत ना तिला?" पास्टर हसतच म्हणाले, पण नजर म्हातारीवर रोखलेली. "की गाणंच विसरलात?"

तामांडाने झोपडीकडे पाहिलं. चटईच्या फटीतून एनिफाला ते दिसलं. आता पोरीच्या तोंडून एक शब्द निघाला, की ती इथेच रिकाम्या मडक्यापाशी राहणार.

खोकला दाबायला तोंडात कोंबलेला कापडाचा बोळा एनिफाने काढला, आणि पहिली ओळ उचलली.

आवाज फाटला होता, पण सूर तोच. मग शेजारणीने दुसरी ओळ धरली, तिच्यामागून बाकीच्यांनी, आणि गाता गाता सगळ्याच रडायला लागल्या. रडणं खरं होतं, त्यामुळे पास्टरांचं समाधान झालं. आत कोण गातंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "चूल बघणारी बाई आहे."

तामांडा गाडीत बसली. पढवलेलं सगळं तिने नीट केलं, वळूनही पाहिलं नाही. गाणं संपलं तशा बायका गप्प झाल्या. एनिफाने मात्र पुन्हा पहिल्यापासून धरलं. थांबली असती तर खोकला फुटला असता, आणि गाडीच्या काचा अजून उघड्या होत्या. गाडी ओढ्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती एकटीच गात स्वतःला पोचवत राहिली.